चौदावी रास

कौशल्याबाई : अन् हे चौदावी रास कोन्ती रे, चिंतामण?

चिंतामण : चौदावी? आत्या, राशी बाराच असतात.

कौशल्याबाई : ते मले नको शिकवू. अर्धी हयात लोकायचे लगनं जुळवन्यात गेली माही. राशी बाराच, हे मले झोपेतनं उठवून इचारलं तरी सांगीन. पन तुह्या ह्या पुठ्ठ्यावर चौदा निंगून राहिले. हे पाय. एकाचं भोक साबूत. दोनाचं कापलेलं, चाराचं कापलेलं, आठाचं कापलेलं. दोन अन् चार सहा, सहा अन् आठ चौदा. तूच शिकोलं ना असं वाचाले?

चिंतामण : मीच शिकवलं. कोणाचं कार्ड हाय?

कौशल्याबाई : सिंधूचं. दर्यापूरच्या पुंजाजीची नात.

चिंतामण : कैची घसरली असन.

कौशल्याबाई : तीन-तीनदा? अन् मंग हे दुसरं पाय, ह्याच्यावर तेरा निंगते. दोघी-दोघीच्या राशी आभायाच्या बाहेर गेल्या काय रे बापा?

चिंतामण : थांब, गडबड नको करू.

कौशल्याबाई : गडबड मी करून राहिलो? बसलो होतो बापा मी आपल्या दोन पेट्या टिपनं घेऊन. अष्टग्रहीच्या भेवानं लोकायनं लगनं थांबवले. मंग अष्टग्रही आली, गेली, जग काई बुडलं नाई, तं सारे एकदम उठले, कौशल्याबाई, आमच्या पोरीचं पाहा, आमच्या पोराचं पाहा. तवा तूच अकोल्याहून उडत आला. म्हने, आत्या, आमच्या हापिसात कपाशीच्या जाती अशाच शोधतात!

चिंतामण : मग खोटं हाय का ते? पुठ्ठ्याच्या कडेनं भोकं. एक भोक म्हणजे एक सवाल. मॅट्रिक झाली का? शेती हाय का? उत्तर हो असलं की भोकापासून कडेपर्यंत कापून खाच करायची, नाही असलं की भोक तसंच ठेवायचं. गठ्ठ्यातून स्वेटरची सुई घातली, हलवली, की खाचवाले खाली पडतात, बाकीचे सुईवर लटकतात. खाच म्हणजे हो, भोक म्हणजे नाही. सरळ. याच्यात चुकायले जागाच कुठं हाय?

कौशल्याबाई : कपाशीले षडाष्टक नसते बापा. म्हनून तिची चूक दिसत नाई कोनाले.

चिंतामण : राशीचं पण मी बरोबर बसवलं होतं. बारा राशीले बारा भोकं घातले असते तर बाकीचं कुठं लिहिलं असतं? म्हणून चारच घेतले. एक, दोन, चार, आठ.

कौशल्याबाई : हो, ते मले पटलं होतं. छटाक, अदपाव, पाव, अर्धा शेर. चार वजनं हाती असले की दुकानदार काईही तोलून देते. मेष म्हंजे एक छटाक, मीन म्हंजे पाव अन् अर्धा शेर. पन चौदा छटाक माल ह्या दुकानात येतेच कोठून, हे सांग!

चिंतामण : तेच तर पाहून राहिलो. पोरांचे कार्ड दे इकडे. ...दहा. तीन. बारा. पाच. ह्यात एकही बाराच्या वर नाही. हे सारे मी अकोल्यात कापले. अन् पोरींचे...

कौशल्याबाई : पोरीयचे शेजारच्या कुंदीनं.

कुंदा : कुंदीनं काय केलं, मावशी? ह्या घ्या कपबश्या. आईनं धुवून दिल्यात. भिंतींचा चुना अजून ओला आहे आमच्याकडे, पाहुणे टेकून बसले तर पाठीवर शिक्का घेऊन वरूडला जातील. म्हणून बाबा म्हणाले, तुमच्या बैठकीतच होऊ द्या मला पाहण्याचा कार्यक्रम.

कौशल्याबाई : ठेव माय तथीसा. अन् लुगडं हेच नेसशीन का?

कुंदा : का? सुईनं लुगड्याचा रंगही सांगितलाय का?

चिंतामण : कुंदा, तू राशीच्या खाचा...

कुंदा : अरे, चिंतामणराव! तुम्ही आहात होय. आज रविवार नाही, म्हटलं तुमची गाडी कशी बडनेऱ्याला उतरली. मुद्दाम रजा काढली? स्वतःच्या हातानं टाकलेल्या सुईचं फळ बघायला?

चिंतामण : तसं नाही. आत्यानं निरोप धाडला होता, पाहुण्यांना उतरवून घ्यायले कोणी पुरुषमाणूस पाहिजे म्हणून.

कुंदा : बरं झालं. संत्र्याची टोपलीही येईल त्यांच्याबरोबर, ती उचलायलाही कोणी लागेल.

कौशल्याबाई : भांडू नका रे. कुंदे, इकडे पाय. सिंधूच्या कार्डावर चौदा रास निंगून राहिली.

कुंदा : चौदा? दाखवा. ...छे. सात आहे की स्वच्छ. एक, दोन आणि चार. तूळ. टिपणातही तूळच होती, मला आठवतं, कारण दर्यापूरच्या माणसांनी ‘तूळ’ लिहून पुढं ‘उत्तम’ असंही लिहिलं होतं.

चिंतामण : सात कुठून आले? एकाचं भोक तर साबूत हाय.

कुंदा : एकाचं कापलेलं आहे. आठाचं साबूत आहे. चष्मा लावा.

चिंतामण : एकाचं हे पहिलं. डावीकडचं.

कुंदा : एकाचं हे पहिलं. उजवीकडचं.

कौशल्याबाई : घ्या. एका कार्डाले दोन-दोन डोकेबाज!

चिंतामण : कुंदा, तुले उजवीकडून कापायले कोणी सांगतलं?

कुंदा : डावीकडून कापायला कोणी सांगितलं होतं? तुम्ही ह्याच चटईवर बसून म्हणालात, चार छिद्रं आहेत, एक, दोन, चार, आठ. बाजू सांगितलीत? नाही सांगितलीत. आम्ही तिसरीच्या मुलींना एकं उजवीकडे शिकवतो. मग दहं, मग शतं, डावीकडे डावीकडे. अंकानां वामतो गतिः, आमच्या शास्त्रीबाई पट्टी हातावर मारून मारून पाठ करून घ्यायच्या. एकं डावीकडे मांडणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. आज पाहिला.

चिंतामण : आपण वाचतो कसं? डावीकडून ना? पहिलं येते ते पहिलं. हापिसातल्या कार्डावर तसंच छापलेलं हाय.

कुंदा : हापिसात कपाशी असते. ती तक्रार करत नाही.

कौशल्याबाई : म्हंजे पोरायचे पुठ्ठे डाव्या हाताचे अन् पोरीयचे उजव्या हाताचे?

चिंतामण : तसंच झालं, आत्या. अन् वाचले सारे मी एकाच बाजूनं.

कौशल्याबाई : पन तू तं तपासलं होतं! माह्यासमोर तपासलं. मनानंच म्हनला, आत्या, कुंदानं कापलेलं तुझंच कार्ड काढून पाहू. सुई घातली, माहं कार्ड पडलं, धनु रास, बरोब्बर. मी चारचौघीत सांगत फिरलो, माह्या भाच्यानं असं यंत्र बनवलं की माही रास सुद्धा सांगते.

चिंतामण : धनु म्हणजे नऊ. नऊ म्हणजे एक अन् आठ. दोन टोकाचे दोन भोकं. इकडून वाचलं तरी नऊ, तिकडून वाचलं तरी नऊच! आत्या, बारा राशीत अशा दोनच राशी हायेत, धनु अन् कन्या. अन् नेमकं मी...

कौशल्याबाई : नेमकं म्हातारीचं कार्ड उचललं. सिंधूचं उचललं असतं तं त्याच दिवशी चौदा निंगाले असते.

कुंदा : मावशी तशाही दोन्हीकडून सारख्याच आहेत. पुढून बोला, मागून बोला.

कौशल्याबाई : हास माय, हास. अन् मले सांगा, बाकीच्या राशीयचं काय झालं?

चिंतामण : अदलाबदल. एकाचे आठ, दोनाचे चार, तीनाचे बारा. वृषभ झाली कर्क, मिथुन झाली मीन. तूळ अन् कुंभ आभाळाच्या बाहेर. त्या बाहेर गेल्या म्हणून समजलं तरी. बाकीच्या बिचाऱ्या गुपचूप दुसऱ्याच्या घरात जाऊन बसल्या.

कौशल्याबाई : अन् वृश्चिक?

चिंतामण : वृश्चिक आठ. म्हणजे झाली असन मेष.

कौशल्याबाई : अरे देवा!

कुंदा : काय झालं?

कौशल्याबाई : कुंदे, तुही रास वृश्चिक ना वो?

कुंदा : हो. जन्मापासून.

कौशल्याबाई : तुह्या बारशाले मी होतो. तुह्या आजीनं कान भरून सांगतलं होतं, कौशल्या, विंचवाची रास हाय पोरीची, नांगी सांभाळजो. मले याद होतं! अन् तरी ह्यानं सुई घातली, कार्डावर मेष निंगाली, तं मले वाटलं, कौशल्ये, तुहं डोस्कं म्हातारं झालं. पुठ्ठा काहून खोटं बोलीन? पुठ्ठ्याले कोनाकडून काय घ्याचं हाय?

चिंतामण : तू मले बोलली काहून नाही तेव्हाच?

कौशल्याबाई : तू असा तोऱ्यात सुई हलवत होता की, बापा, मले वाटलं डागदर नाडी पाहून राहिला. डागदराले कोनी टोकते का?

कुंदा : मग वरूडचा मुलगा?

कौशल्याबाई : नत्थुजीचा पोरगा मिथुन. त्याचं कार्ड चिंतामणनं कापलं, म्हंजे ते खरं. मेषेशी चांगलं जमते म्हनून मी सांगून धाडलं. मिथुनेपासून वृश्चिक मोज. मिथुन, कर्क, सिंह, कन्या, तूळ, वृश्चिक. सहावी. अन् तिकडून आठवी. षडाष्टक! शुद्ध षडाष्टक. अन् नत्थुजी म्हनला होता, बाई, तुमचा शब्द म्हंजे आमची पत्रिका, आमी भटजीले दाखवत सुद्धा नाई. आता माह्या शब्दाचं काय करू? लोनचं घालू?

चिंतामण : आणखी कोणाकोणाले कळवलं?

कौशल्याबाई : एकट्या वरूडले. बाकीचे पोस्टकार्ड तं लिवाचे हायेत अजून. माह्या आळसानं वाचवलं म्हन. पन हे वरूडवाले मोटारीत बसले असतीन ना रे आता!

कुंदा : बघू, द्या ते कार्डांचे गठ्ठे. माझ्या पिशवीत कैची आहे. नवीन पुठ्ठे आणा, मी सगळे पुन्हा कापते. माझ्या हातानं झालंय.

चिंतामण : तुझ्या हातानं नाही झालं. तू कापलं ते बरोबर कापलं, मी बाजू सांगितली नव्हती. अन् एकही कार्ड कापायचं नाही.

कुंदा : मग?

चिंतामण : कार्डावर जे हाय ते खरंच हाय. फक्त पोरींचा गठ्ठा हातात घेतला की राशी उजवीकडून वाचायच्या. सुई तीच, खाचा त्याच. गठ्ठ्याच्या वरच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवू, एकं इकडे. संपलं.

कुंदा : एवढंच?

चिंतामण : एवढंच. पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर तुले हे कप धुवावे लागले नसते.

कुंदा : कप आईनं धुतले.

कौशल्याबाई : तोंडं चालवू नका, सुई चालवा! नत्थुजीच्या पोरासाठी फिरून पाय. मॅट्रिक पाह्यजे, अन् शेतीची सवय पाह्यजे.

चिंतामण : मॅट्रिक. ...हे पडले. शेती. ...हेही पडले. आता राशी, उजवीकडून. मिथुनेला चालतील अशा. सिंह पाहू. पाच. एक अन् चार कापलेले, दोन अन् आठ साबूत...

(सुई गठ्ठ्यातून आरपार जाते. एक कार्ड सुटून चटईवर पडते.)

कौशल्याबाई : कोन?

कुंदा : शकुन. राजापेठेतली, जानरावांची.

कौशल्याबाई : शकुन! अवो, ती पोट्टी तं संत्र्याच्या फोडीसारखी गोड हाय. मागच्या वेळी काहून नाई पडली रे?

चिंतामण : मागच्या वेळी तिची रास मकर निघाली होती. मिथुनेशी षडाष्टक. तिच्या जागी कुंदा पडली.

कुंदा : पडली. शब्द तरी बघून वापरा.

कौशल्याबाई : ऐक कुंदे, धावत जाय अन् नाक्यावर टांगा पाय. नाई, तू नको जाऊ, तुह्या बापाले पाठव. जानरावले म्हना, कौशल्याबाईनं शकुनले अन् तिच्या मायले आत्ताच्या आत्ता बोलावलं. अन् बापाले मी समजावून सांगतो, तू भेऊ नको.

कुंदा : पण मावशी, पाहुण्यांना काय सांगणार? मुलगी बदलली म्हणून?

कौशल्याबाई : मी नाव कोठं सांगतलं होतं? आमच्या नजरेत एक पोरगी हाय, एवढंच लिवलं होतं. इतके वर्सं हा धंदा काई असाच नाई केला. नाव कवाच आधी सांगाचं नसते.

कुंदा : खिडकीतूनच हाक मारते बाबांना. ...बाबा! अहो बाबा! मावशी टांगा मागताहेत, राजापेठेला! ...हो, आत्ता! ...मग सांगते! ...निघाले. सदरा उलटा घातलाय, पण निघाले.

कौशल्याबाई : हुश्श. आता पोहे जास्ती भिजो. अन् काहून वो कुंदे, वरूडचा संत्र्याचा बगीचा हातचा गेला तं तुह्या तोंडावर उजेड काहून आला?

कुंदा : उन्हाचा आहे.

कौशल्याबाई : घरात?

कुंदा : मला संत्री आवडत नाहीत.

कौशल्याबाई : हे नवीनच आयकलं. बरं रे चिंतामण, सुई हातातच हाय तं एक काम कर. तुही माय मागच्या महिन्यात रडून गेली माह्यापाशी, पोरगा अकोल्यात डबा खाऊन वाळून राहिला. तुहं कार्ड काढ. अन् पोरीयच्या गठ्ठ्यात घाल सुई.

चिंतामण : आज नको आत्या.

कौशल्याबाई : काहून?

चिंतामण : पाहुणे येतील.

कौशल्याबाई : वरूडची मोटार टैमावर आली असं कवा झालं? घाल.

चिंतामण : घातली होती एकदा.

कौशल्याबाई : कवा?

चिंतामण : पोरींचे कार्ड कुंदानं कापून दिले त्याच रात्री. गठ्ठा अकोल्याला नेला होता तपासायले. खोलीवर एकटाच होतो. म्हटलं पाहू.

कुंदा : कोण पडलं?

चिंतामण : पडले चार-पाच. मी ते पाहत नव्हतो. सुईवर कोण राहिलं ते पाहत होतो.

कौशल्याबाई : कोन राहिलं?

चिंतामण : माझी रास कन्या. मेषेशी षडाष्टक. मेषेचे सारे सुईवर राहिले.

कौशल्याबाई : मेष! म्हंजे कुंदी! अरे भाड्या, ती मेष नाईच ना!

चिंतामण : ते आज समजलं. तेव्हा मी गठ्ठा तीनदा हलवला. पार सुई वाकली. कार्ड हललं सुद्धा नाही. मग मी गठ्ठा बांधून ठेवून देला. अन् तू वरूडसाठी सुई टाकायले सांगितली, तेव्हा तिचंच कार्ड पहिल्या झटक्यात खाली. म्हटलं, झालं, कार्डच सांगते. आपण कोण?

कुंदा : आणि तुम्ही ते उचलून मावशींच्या हातात दिलंत.

चिंतामण : देलं.

कुंदा : इतके दिवस मला वाटत होतं, तुम्ही मुद्दाम शोधून काढलं वरूड. चांगलं लांब.

चिंतामण : मी? लांब?

कौशल्याबाई : कन्या ते वृश्चिक मोजतो मी. कन्या, तूळ, वृश्चिक. तिसरी! तिकडून अकरावी. अवो माय, ह्याच्याहून सोन्यासारखं मी माह्या हातानं नाई जमवलं आजपावेतो. घाल बापा सुई, उजवीकडून घाल.

चिंतामण : सुई नाही घालत. तिचं कार्ड हातातच घेतो. हे पाहा. आठाला खाच. वृश्चिक. बरोबर हाय. ...पण कुंदा, हे शेवटचं काय हाय? कोपऱ्यातलं?

कुंदा : कोणतं?

चिंतामण : ह्या भोकाले मी काही सवालच देला नव्हता. मोकळं ठेव म्हटलं होतं, पुढं काही विचारायचं सुचलं तर तिथं घालू म्हणून. बाकी एकाही पोरीच्या कार्डावर ते कापलेलं नाही. तुझ्याच कार्डावर खाच हाय. अकोल्यातच पाहिलं होतं मी. वाटलं, कैची घसरली.

कुंदा : तुमच्या हिशेबात माझी कैची फार घसरते.

कौशल्याबाई : मंग नाई घसरली का?

कुंदा : तिसरीच्या पन्नास मुलींचे कागदी कंदील कापून देते मी दिवाळीला. नाही घसरत.

चिंतामण : म्हणजे सवाल ठरायच्या आधीच तू उत्तर कापून ठेवलं?

कुंदा : सवालाला वेळ लागणार हे दिसत होतं. तो अकोल्याहून येणार, तेही फक्त रविवारी.

कौशल्याबाई : मी पोहे पाहून येतो.

चिंतामण : आत्या, थांब ना.

कौशल्याबाई : मी काहून थांबू? मले काई इचाराचं नाई हाय कोनाले. आवाज मातर मोठ्यानं काढजा, चुलीपाशी आयकू येत नाई.

चिंतामण : कुंदा...

कुंदा : कार्ड उलटं धरलंय तुम्ही.

चिंतामण : हो. ...धरलं सरळ. हे पाय, अकोल्याची खोली लहान हाय. खिडकी एकच. हापिसात मले काही फार मोठं कोणी समजत नाही. इंग्रजी मी पुस्तकं पाहून पाहून शिकलो, बोलायले गेलो की घसरतो. खरोखरच घसरतो. तिथं मुलींची शाळा मात्र हाय, जवळच. मी तिथं जाऊन विचारून आलो होतो मागंच, मास्तरणीची जागा निघते का म्हणून. कशासाठी विचारून राहिलो, ते त्यायले सांगितलं नाही. तुलेही नाही सांगितलं. आता सांगतो. तू माझ्याशी लगन करशील का?

कौशल्याबाई : आयकू आलं रे!

कुंदा : चिंतामणराव, कार्ड तुमच्या हातात आहे ना?

चिंतामण : हाय.

कुंदा : कोपऱ्यात काय आहे? छिद्र की खाच?

चिंतामण : खाच.

कुंदा : मग वाचा की. कसं वाचायचं, ते तुम्हीच शिकवलंत मला.